फझ पेडलचं सर्किट उलगडायचं कसं

झाडीपट्टीतलं नाटक असो, भीमजयंतीचा ऑर्केस्ट्रा असो की लग्नातली बँजो पार्टी, आपल्याकडे मंचावर इलेक्ट्रिक गिटार आता नवलाची राहिलेली नाही. वादकाच्या पायाशी दोन-तीन पेडलही असतात, म्हणजे पायानं चालू-बंद करायचे, गिटारचा आवाज बदलणारे डबे. त्यांतलं फझ सगळ्यात रांगडं. गिटारचा सिग्नल ते इतका फुगवतं की लाटेचे शेंडे कापले जातात आणि सूर खरखरीत, भरदार, लांब ताणलेला निघतो.

यातली बुटीक पेडलं, म्हणजे एखादा कारागीर किंवा छोटं वर्कशॉप हातानं थोडी-थोडी बनवतं ती, बाहेरून मागवली तर ड्युटीसकट सहज पंधरा-वीस हजारांना पडतात. बिघडलं की पंचाईत. बनवणारा सातासमुद्रापार, सर्किटचा नकाशा तो देत नाही, आणि वडसा, मूल, पुसद किंवा दर्यापुरात बसून ते पार्सलनं परत पाठवणं म्हणजे अख्खा सीझन हातचा जाणं. दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली की होळीपर्यंत वादकाला उसंत नसते. म्हणून नकाशा आपणच काढायचा. मल्टिमीटर धरता येत असेल आणि घाई नसेल तर हे काम तालुक्याच्या गावी नीट होतं.

पहिल्यांदा हात घालायला फझच घ्या, कारण त्यात भाग फार कमी असतात. आमच्या गावातल्या रेडिओवाल्या काकांनी असं एक पेडल आतून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, यात तं रेडिओच्या निम्माबी माल नाई.” खरंच आहे. डबा मोठा, रंगकाम देखणं, आणि आत दहा-बारा सुटे भाग.

आधी घराणी माहीत करून घ्या

बाजारातली बरीचशी फझ पेडलं तीन-चार जुन्या सर्किटांची वंशज आहेत. १९६२ साली गिब्सन कंपनीनं मॅस्ट्रो नावाखाली फझ-टोन बाजारात आणलं. १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये गॅरी हर्स्टनं टोन बेंडर बनवलं, आणि १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीचं गोल डब्यातलं फझ फेस आलं, जे पुढे जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी जगानं पाहिलं. फझ फेसमध्ये फक्त दोन ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारे तीन पायांचे भाग. टोन बेंडरच्या बहुतेक आवृत्त्यांत तीन. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफमध्ये चार ट्रान्झिस्टर आणि जोडीला लाटेचे शेंडे कापणारे डायोड.

त्यामुळे डबा उघडल्यावर आधी ट्रान्झिस्टर मोजा. दोन असतील तर फझ फेसचा नकाशा शेजारी ठेवा, चार असतील तर बिग मफचा. मात्र तो ताडून पाहण्यापुरता. ‘इथं १०० किलोओहमच असणार’ असं धरून चालू नका, कारण बनवणाऱ्यानं स्वतःचं डोकं कुठं लावलं हे नेमकं त्याच जागी सापडतं.

लागणारं सामान

साधं पिवळं मल्टिमीटर, जे मोटारपंपाचं स्टार्टर तपासायला बऱ्याच घरांत असतं, त्यावर सुरुवात होते. त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवा: या स्वस्त मीटरचा स्वतःचा रोध व्होल्टच्या रेंजवर साधारण १ मेगओहम असतो, चांगल्या मीटरचा १०. हा फरक पुढे आडवा येतो.

याशिवाय २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, डी-सोल्डर पंप, भिंग, कॅमेऱ्याचा मोबाईल, चौकटीची वही आणि पेन्सिल. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की आयर्न पुरेसं तापत नाही. मग माणूस ते जास्त वेळ टेकवून धरतो आणि बोर्डावरचा तांब्याचा ठिपका उखडून येतो. सोल्डरिंगचं काम सकाळी, लाइन भरवशाची असताना करा.

काहीही काढण्याआधी चालू पेडल मोजा

पेडल चालू असेल तर ही पायरी सगळ्यात मोलाची आहे आणि बहुतेक जण हीच गाळतात. एकदा भाग काढले की तो मूळ ताळमेळ पुन्हा हाती येत नाही.

ताजी ९ व्होल्टची बॅटरी लावा आणि इनपुटला गिटारची वायर खोचा. ती खोचल्याशिवाय बऱ्याच पेडलांना वीजच मिळत नाही, कारण इनपुटचा जॅक स्टिरिओ असतो आणि बॅटरीची एक तार त्याच्या मधल्या पट्टीवरून जाते. वायर न खोचता मोजाल तर सगळीकडे शून्य दिसेल.

मीटरचा काळा प्रोब जॅकच्या ग्राउंडला मगरक्लिपनं पक्का करा. लाल प्रोबनं प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांचे (बेस, कलेक्टर, एमिटर) व्होल्ट लिहून घ्या. बॅटरी त्या क्षणी किती देतेय तेही लिहा, आणि नॉब कुठं होते तेही. आत छोटा ट्रिमपॉट (पेचकसानं फिरवायचा रेझिस्टर) असेल तर त्याच्या खाचेवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा. बनवणाऱ्यानं तो कानानं लावलेला असतो.

व्होल्ट उणे येत असतील तर घाबरू नका. जुन्या जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या पेडलांत बॅटरीचं अधिक टोक ग्राउंडला असतं. असं पेडल बाकीच्या पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर कधीही जोडू नका, अडॅप्टर सरळ शॉर्ट होतो.

फोटो

आता बॅटरी काढा आणि बोर्ड बाहेर घ्या. भाग असलेल्या बाजूचा एक आणि तांब्याच्या बाजूचा एक, असे दोन फोटो अगदी वरून, सावली न पाडता काढा. तांब्याच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये आडवा उलटवा, म्हणजे दोन्ही एकमेकांवर बरोबर बसतात. बोर्डामागे टॉर्च धरली तर रेघा आरपार दिसतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरचा रंग आणि ती कुठं जाते ते आत्ताच लिहा. नऊ पायांच्या फूटस्विचमध्ये तीन स्वतंत्र रांगा असतात: दोन सिग्नल फिरवतात, तिसरी दिवा लावते.

आत काळा गोळा असेल तर

काही बनवणारे नक्कल टाळायला बोर्डावर काळा इपॉक्सी ओततात. १९९४ साली आलेल्या क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्ह पेडलात तो असाच होता, आणि तरीही लोकांनी ते सर्किट उलगडलंच. अनेक इपॉक्सी गरम हवेनं मऊ पडतात. मग बांबूच्या टोकदार काडीनं ते थराथरानं खरवडता येतं. मोकळ्या जागी बसा, तोंडाला मास्क लावा. अतिजहाल रसायनं वापरायचा सल्ला मिळेल. घरात लेकरं असताना ती आणूच नका.

माझं मत विचाराल तर, आत जर्मेनियम ट्रान्झिस्टर असण्याची शक्यता असेल तर गरम हवा वापरू नये. ८०-९० अंशांपुढे ते जातात, आणि जुने चांगले जर्मेनियम आता सहज मिळत नाहीत. दुरुस्तीची गरज नसेल, नुसती उत्सुकता असेल, तर असं पेडल तसंच राहू द्या आणि उघडं सर्किट असलेलं दुसरं घ्या.

तांब्याच्या प्रत्येक तुकड्याला नंबर द्या

सगळ्या कामाचा गाभा हा आहे. सुरुवातीलाच सुंदर नकाशा काढायला बसू नका. सातबाऱ्यावर जसा गट नंबर, तसा बोर्डावरच्या तांब्याच्या प्रत्येक सलग तुकड्याला एक नंबर द्या. ग्राउंड म्हणजे ०, बॅटरी म्हणजे १, इनपुट २, आणि पुढे येईल तसा. दोन ठिपके एकाच तुकड्यावर आहेत का ते मीटरच्या बीपवर तपासा. पण बीप कमी ओहमच्या रेझिस्टरलाही वाजतो, म्हणून शंका आली की ओहमच्या रेंजवर टाकून खरा शून्य बघा.

मग प्रत्येक भाग कोणत्या दोन नंबरांच्या मध्ये आहे एवढंच लिहा. फझ फेसच्या घराण्यातल्या एका सिलिकॉन पेडलची यादी अशी दिसेल: इनपुटचा २.२ मायक्रोफॅरड कपॅसिटर, २ ते ३. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस ३ वर, कलेक्टर ४ वर, एमिटर ० वर. ३३ किलोओहम, १ ते ४. दुसऱ्याचा बेस ४ वर, एमिटर ५ वर, कलेक्टर ६ वर. १०० किलोओहम, ५ ते ३. ५.६ किलोओहम, ६ ते ७. १ किलोओहम, ७ ते १. बाहेर जाणारा ०.०१ मायक्रोफॅरड, ७ ते ८. व्हॉल्यूमचा ५०० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर), ८ ते ०, त्याचा मधला पाय आउटपुटला. फझचा १ किलोओहमचा पॉट, ५ ते ०, त्याच्या मधल्या पायावरून २२ मायक्रोफॅरड ग्राउंडला.

बस, एवढंच पेडल. आता ही यादी मूळ फझ फेसशी ताडा. तिथं दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ८.२ किलोओहम आणि ४७० ओहम असतात. इथं ४७० च्या जागी १ किलोओहम आलाय. आवाज या दोन रेझिस्टरांच्या सांध्यावरून बाहेर जातो, म्हणून मूळ सर्किटमध्ये कलेक्टरवरच्या सिग्नलचा अठरावा भाग मिळायचा, इथं सहावा-सातवा मिळतो. म्हणजे बनवणाऱ्यानं पेडलचा जोर मुद्दाम वाढवलाय. त्याचं कौशल्य असं आकड्यांत वाचता येतं आणि मला या कामात सगळ्यात जास्त आनंद यातच होतो.

किमती वाचणं

रेझिस्टरचे रंग आणि मीटर, दोन्ही लिहा. निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे पिवळ्या बल्बखाली सारखेच दिसतात. दिवसाच्या उजेडात बघा. पाच पट्ट्यांचा ३३ किलोओहम म्हणजे नारिंगी, नारिंगी, काळा, लाल, तपकिरी. बोर्डावर असतानाच मोजलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, कारण बाजूनं दुसरे रस्ते असतात. जास्त आला आणि तिथंच स्थिरावला तर रंग चुकीचे वाचलेत किंवा रेझिस्टर म्हातारा झालाय. प्रोब उलटे केल्यावर आकडा बदलत असेल तर मध्ये ट्रान्झिस्टर किंवा डायोड आहे. तेव्हा एक पाय सुटा करून मोजा.

कपॅसिटर बोर्डावर मोजण्यात अर्थ नाही. त्यावरचा कोड वाचा: १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १०, ४७३ म्हणजे ४७. कोड पुसलेला असेल तरच एक पाय उचला. पॉटवर ‘बी’ असेल तर तो सरळ चालीचा, ‘ए’ असेल तर लॉग. खूण नसेल तर नॉब बरोबर मध्ये ठेवून मोजा. निम्मा आला तर सरळ, दहा-पंधरा टक्केच आला तर लॉग.

नंबर घासलेले ट्रान्झिस्टर

अनेक बुटीक पेडलांत ट्रान्झिस्टरवरचा नंबर सँडपेपरनं घासलेला असतो. तरी फार बिघडत नाही. सुटा ट्रान्झिस्टर मीटरच्या डायोड रेंजवर घ्या. जो पाय बाकीच्या दोन्ही पायांकडे वाहतो तो बेस. बेसवर लाल प्रोब असताना वाहिलं तर एनपीएन, काळा असताना वाहिलं तर पीएनपी. आकडा ०.६ ते ०.७ असेल तर सिलिकॉन, ०.२ च्या आसपास असेल तर जर्मेनियम.

मग गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा. सिलिकॉनचा गेन तर ट्रान्झिस्टर न काढताही कळतो. वरच्या पेडलमध्ये बॅटरी ९.० व्होल्ट असताना पहिल्याचा कलेक्टर १.३ व्होल्ट दाखवतो. म्हणजे ३३ किलोओहमवर ७.७ व्होल्ट पडले, प्रवाह ०.२३ मिलिअँपिअर. आता १०० किलोओहमच्या दोन टोकांवर प्रोब थेट ठेवा, समजा ०.१ व्होल्ट आले. म्हणजे बेसला १ मायक्रोअँपिअर जातोय. भागाकार केला की गेन साधारण २३०. इथं बेस ते ग्राउंड असं मोजून वजाबाकी करायचा मोह होतो, पण १ मेगओहमचं स्वस्त मीटर बेसमधून स्वतःच अर्ध्या मायक्रोअँपिअरहून जास्त ओढून घेतं आणि हिशेब कोसळतो. थेट टोकांवर ठेवलं तर चूक दहा टक्क्यांच्या आत राहते.

हाच हिशेब पुढे चालवून नकाशा तपासा. दुसऱ्याच्या एमिटरवर ०.६८ व्होल्ट, खाली १ किलोओहम, म्हणजे ०.६८ मिलिअँपिअर. तोच प्रवाह वरच्या ६.६ किलोओहममधून गेला की ४.५ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर ४.५ उरायला हवेत. मोजलेला आकडा तेवढाच असेल तर यादी बरोबर. नसेल तर कुठली तरी जोडणी चुकीची वाचली गेलीय. पुन्हा बोर्डाकडे जा.

जर्मेनियमचं प्रकरण वेगळं. तो बेसला काही दिलं नाही तरी गळतो, आणि मीटरवरच्या ट्रान्झिस्टरच्या खाचा ती गळतीही गेनमध्ये धरून फुगवलेला आकडा दाखवतात. त्यासाठी पीएनपीचा एमिटर बॅटरीच्या अधिकला जोडा, कलेक्टर २.४ किलोओहममधून उणेला, बेस मोकळा. रेझिस्टरवरचे व्होल्ट लिहा, ही गळती. मग बेसवरून उणेला २.२ मेगओहम जोडा आणि पुन्हा वाचा. दोन्हींतल्या फरकाला १०० नं गुणलं की जवळपास खरा गेन. आधी ०.२ आणि नंतर १.१ आले तर गेन ९० च्या आसपास. फझ फेससाठी पहिला ७०-८० आणि दुसरा १००-१२० असा जोड चांगला समजतात. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका. बोटाच्या उबेनंही आकडा चढत जातो.

बदली जर्मेनियम हवा असेल तर नव्या दुकानांआधी जुने रेडिओ दुरुस्त करणारे गाठा. त्यांच्या डब्यांत एसी १२८, एसी १८८ अजून निघतात, आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेलेसुद्धा.

नकाशा, मग ब्रेडबोर्ड

यादी पक्की झाली की नकाशा काढा: बॅटरी वर, ग्राउंड खाली, इनपुट डावीकडे, आउटपुट उजवीकडे. ट्रान्झिस्टरशेजारी मोजलेले व्होल्ट लिहा. जे मोजलं ते पेनानं, जे रंगांवरून किंवा अंदाजानं धरलं ते पेन्सिलनं. दुसऱ्याच्या हाती नकाशा गेला तर त्याला हा फरक कळायलाच हवा.

मग तेच सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या बोर्डावर, जोडा. नागपूरला सीताबर्डीत एक चक्कर मारली की हे सगळे साधे भाग मिळतात. दोन्ही पेडलं एकाच गिटारवर, एकाच अँपवर आलटूनपालटून वाजवा, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करूनही ऐका. फझ फेसच्या जातीचं पेडल गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की स्वच्छ होत जातं; नकलेत ते होत नसेल तर इनपुटच्या बाजूला काही तरी राहून गेलंय. आवाज कुठं बदलतो ते शोधायला अँपच्या वायरीच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून एकेक नंबर चाचपत जा. सिलिकॉन नकलेत मध्येच मीडियम वेव्हचं स्टेशन ऐकू आलं तर मूळ बोर्डावर बेस आणि कलेक्टरमधला काहीशे पिकोफॅरडचा बारीक कपॅसिटर नजरेतून सुटलाय का बघा.

स्वतःसाठी बनवा, दुरुस्ती करा, शिका. त्या कारागिराचं नाव, चिन्ह किंवा बोर्डाची हुबेहूब नक्कल लावून विकू मात्र नका. त्याच्या नावावर त्याचा हक्क आहे आणि पेटंट असेल तर तेही २० वर्षं लागू असतं.

उन्हाळ्यासाठी फेरफार

नकाशा हाती आल्यावर आपल्याकडच्या वादकाला मिळणारा सगळ्यात मोठा फायदा उन्हाळ्याचा. जर्मेनियमची गळती साधारण दर १० अंशांना दुप्पट होते. जानेवारीतल्या रात्री १२ अंशांत गोड वाजणारं पेडल मे महिन्यात ४२ अंशांच्या मांडवात आठपट गळू लागतं. कलेक्टरचे ४.५ व्होल्ट जागेवरून सरकतात आणि सूर तुटक, गुदमरल्यासारखा निघतो. अशा वेळी पेडल बिघडलं असं समजून लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरचा ८.२ किलोओहम काढून तिथं ४.७ किलोओहम आणि त्याला सलग १० किलोओहमचा ट्रिमपॉट टाका. ट्रिमपॉटसमोर डब्याला छोटं भोक पाडा, म्हणजे डबा न उघडता पेचकस आत जाईल. कार्यक्रमाआधी पेडल मांडवातल्या गरमीत अर्धा तास राहू द्या, मग कलेक्टरवर पुन्हा साडेचारच्या आसपास व्होल्ट येईपर्यंत फिरवा. पीएनपी असेल तर आकडा उणे दिसेल, तेवढंच. दिवसा उन्हातले कार्यक्रम जास्त असतील तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या जागी कमी गेनचा सिलिकॉन लावून दुसरा जर्मेनियम ठेवता येतो. पहिल्याची गळती संपली की बराचसा त्रास तिथंच मिटतो. त्यासाठी सिलिकॉनही पीएनपीच घ्या, बीसी ५५८ च्या जातीचा, गेन मोजून. आणि बदलल्यावर ट्रिमपॉट पुन्हा लावायला विसरू नका, कारण सिलिकॉनला बेसवर जास्त व्होल्ट लागतात आणि पुढचा सगळा हिशेब सरकतो.